वाऱ्याचा डोळा

इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये पहिला गोंधळ घातला तो 'गेट'ने. स्टोनगेट, गूडरॅमगेट, कॉपरगेट, जिकडेतिकडे पाट्या, पण वेस काही दिसेना. मग उलगडा झाला: इथे गेट म्हणजे रस्ता, डेन्मार्क-नॉर्वेकडच्या दर्यावर्दी व्हायकिंगांच्या 'गाता'वरून आलेला. आणि जी खरी वेस, तिला 'बार' म्हणतात! 'मिकलगेट बार' हे नाव नकाशावर वाचून आमचे एक तहानलेले मित्र लगबगीने निघाले, ते थेट दगडी कमानीखाली जाऊन उभे राहिले.

व्हायकिंगांनी हे शहर ८६६ साली घेतलं. कॉपरगेटवर १९७६ ते १९८१ खोदकाम झालं, त्यात त्यांच्या वस्तीचे अवशेष सापडले. त्याच जागी आता योर्विक संग्रहालय आहे. पाळण्यासारख्या डब्यात बसवून जुन्या गल्लीतून फिरवतात. अंधार, कुडाच्या भिंती, मधोमध चूल, आणि वास तर असा मुरवलाय की नाकाला पदर लावावा.

त्या अंधारात 'विंडो' कळली. व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेत 'विंदर' म्हणजे वारा, 'अउगा' म्हणजे डोळा. विंदअउगा, वाऱ्याचा डोळा. काच नसलेलं नुसतं भोक. इंग्रजांकडे स्वतःचा जुना शब्द होता, तोही डोळ्याचाच, पण पाहुण्यांच्या शब्दाने त्याला घराबाहेर काढलं. गंमत म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेत हा शब्द अजून नांदतो, स्वीडनने मात्र लॅटिन वळणाचा 'फेन्स्टर' धरला.

मला आठवलं ते आजोळचं माळवद. स्वयंपाकघरावर सानं होतं. चुलीचा धूर त्यातून वर जायचा आणि उन्हाचा गोल तुकडा खाली यायचा, दुपारपर्यंत भिंतीवर सरकत राहायचा. आभाळ भरून आलं की आजी ओरडायची, "पळ, घमेलं घाल सान्यावर!" आपल्या 'गवाक्षा'तही डोळाच आहे, फक्त गाईचा.

दुपारी कॅथीड्रलमधली पूर्वेची भव्य खिडकी पाहिली. जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत घडवलेली, जवळजवळ टेनिस कोर्टाएवढी. मान दुखेस्तोवर पाहिली. रंगीत काचेत अख्खं जग निर्माण होतं आणि बुडतं. वाऱ्याला मात्र शिरकाव नाही.

रात्री मुक्कामाच्या खोलीत कोंदट वाटू लागलं म्हणून खिडकी उघडायला गेलो. तावदान रंगाच्या थरांनी चौकटीला पक्कं चिकटलेलं. सकाळी मालकीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बरंच आहे की, वारा येत नाही."