तुम्ही विचारलंत म्हणून: भाजी संपलीय, डबे भरलेले आहेत, आता काय करू?

नोकरी-शिक्षणासाठी पहिल्यांदाच वेगळं बिऱ्हाड मांडलेल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. घरून येताना कुळथाचं पीठ, भाजणी, सांडगे, आमसुलं, मटकी, डाळी असं सगळं बांधून दिलेलं असतं. ते डब्यात भरूनही ठेवलेलं असतं. मग आठवडाभर बाहेरून मागवून खाल्लं जातं, कारण त्या डब्यांतून जेवण कसं उभं करायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

टिकावं म्हणून या जिनसा मुद्दाम कोरड्या ठेवलेल्या किंवा केलेल्या असतात. ते पाणी परत द्यायचं, पण कधी, किती आणि थंड की गरम, हे प्रत्येक जिनसेगणिक बदलतं. पहिलटकरांचं बिघडतं ते बहुतेक इथेच, मसाल्यात नाही.

सुरुवात कुळथाच्या पिठल्यापासून करा. तासभर आधी ठरवावं लागत नाही आणि पंधरा मिनिटांत ताटात येतं. दोघा-तिघांसाठी अर्धी वाटी पीठ घ्या आणि अडीच वाट्या पाणी. त्यातल्या एका वाटी थंड पाण्यात पीठ आधी कालवून ठेवा. तेलात मोहरी, हिंग, हळद, पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि मिरची घाला. हिरवी नसेल तर सुकी मोडून घाला. लसूण लालसर झाली की उरलेलं दीड वाटी पाणी, मीठ, तीन आमसुलं. उकळी आली की कालवलेलं पीठ बारीक धारेनं ओतायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात पडलं की गुठळीचा बाहेरचा थर क्षणात शिजतो आणि आत कोरडं पीठ अडकतं. मग कितीही घोटा, ती फुटत नाही. मंद आचेवर सात-आठ मिनिटं रटरटू द्या. कच्चट वास गेला की झालं. गार होताना ते घट्ट होतं, म्हणून हवं त्यापेक्षा जरा पातळ असतानाच उतरवा. आमसुलात मीठ असतं, तेव्हा वरचं मीठ हात राखून.

सांडग्यांचं नेमकं उलटं. त्यांना थंड पाणी चालत नाही. एक वाटी सांडगे दोन चमचे तेलात मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परता आणि बाजूला काढा. त्याच तेलात कांदा, लसूण, तिखट, गोडा मसाला परता. दोन-अडीच वाट्या गरम पाणी ओता, उकळी आली की सांडगे सोडा, झाकण ठेवून पंधरा मिनिटं शिजवा. न परतता टाकले तर रश्शात विरघळून त्याचं पिठलं होतं. घाईत मोठ्या आचेवर परतले तर बाहेरून करपतात आणि मधे खडा राहतो. सांडगा बोटानं दाबून बघा. मधे टणक लागला तर अर्धी वाटी गरम पाणी आणि आणखी पाच मिनिटं.

कडधान्यांना मात्र आदल्या रात्रीच विचार करावा लागतो. एक वाटी मटकी आठ तास भिजवा, चाळणीत पूर्ण निथळा, ओल्या पातळ कापडात सैल बांधून चाळणीतच ठेवा. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, थंडीत चोवीस-तीस तास लागतात. फडक्याखाली पाणी साचलं किंवा पुरचुंडी घट्ट डब्यात कोंडली तर मटकी बुळबुळीत होऊन आंबूस वास येतो. ती फेकायचीच, धुऊन वाचत नाही. मोडाच्या मटकीला कुकर नको, लगदा होतो. पातेल्यात वाटीभर पाणी घालून झाकणाखाली बारा-पंधरा मिनिटं पुरतात. राजम्याचं तेवढं वेगळं सांगायला हवं. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं आणि ते खळखळून उकळल्याशिवाय जात नाही. तेव्हा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून देऊन, ताज्या पाण्यात कुकरलाच शिजवा. परदेशात असाल तर विजेच्या मंद आचेच्या भांड्यात (स्लो कुकरमध्ये) कच्चा राजमा कधीही लावू नका.

‘डाळ शिजतच नाही’ ही तक्रार तर कायमची. कारणं तीनच. एक, आमटीत चिंच-आमसूल आधीच घातलेलं असतं; आंबटात डाळ मऊ होत नाही, तेव्हा आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. दोन, बोअरचं जड पाणी. तीन, जुनी डाळ. हिचं मूळ बहुतेकदा जुन्या डाळीवर नवी ओतण्याच्या सवयीत असतं. तळाची वर्षाची, वरची महिन्याची, दोन्ही एकत्र लावल्या की निम्मी विरघळते आणि निम्मी दाताखाली येते. डबा रिकामा करून, पुसून, वाळवूनच नवी भरा. चिमूटभर खायच्या सोड्यानं डाळ लवकर शिजते खरी, पण चव साबणासारखी लागते आणि ‘ब’ जीवनसत्त्वाचाही नाश होतो. त्यापेक्षा तासभर कोमट पाण्यात भिजत घाला.

भाजणीचं थालीपीठ तव्यावर मोडतं, कारण त्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो. एक वाटी भाजणी, बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, चमचाभर तेल, आणि साधारण पाऊण वाटी कोमट पाणी थोडं थोडं घालत भिजवा. पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवी. दहा मिनिटं झाकून ठेवा. भरड कणांना पाणी प्यायला तेवढा वेळ लागतोच आणि इथेच सगळे घाई करतात. गार तव्याला तेल लावून त्यावरच थापा, मधे भोकं पाडा, भोकांत तेल सोडा, मग झाकण ठेवून मध्यम आच. कडा सुटल्याशिवाय उलथनं लावू नका.

भाजणी हवाबंद डब्यात दोन-तीन महिने सहज राहते. बाजरीचं पीठ मात्र पंधरा दिवसांतच कडू लागतं. बाजरीत तेल बरंच असतं आणि दळल्यावर ते खवट व्हायला लागतं. भाजणीतली बाजरी भाजलेली असल्यामुळे तिथे ही खोड बरीच कमी होते. म्हणून बाजरी दळायची तर किलोभरच. दाण्याच्या कुटाचंही तेच, ते फ्रीजमध्ये ठेवा.

डाळींना किलोमागे लहान चमचाभर एरंडेल चोळलं तर कीड लागत नाही. शिजवण्यापूर्वी गरम पाण्यानं दोनदा धुवा. तांदळाला बोरिक पावडर लावायची जुनी पद्धत सोडा, ते खायचं द्रव्य नव्हे. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला. आमसुलं स्टीलच्या नाही, काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवा. मीठ आणि आंबट मिळून धातू खातात. बरणीत हात घालताना तो कोरडा असू द्या.