विसर्ग

शाळेत विसर्ग म्हणजे ‘दुःख’मधले दोन ठिपके. त्यापलीकडे त्याची कुणी फारशी चौकशी करत नाही. पुण्यात मात्र जुलै लागला की, धरणातून नदीत सोडलेलं पाणी या अर्थानं, हाच शब्द दूधवाल्यापासून निवृत्त कारकुनापर्यंत सगळ्यांच्या तोंडी येतो. ‘खडकवासल्याचा विसर्ग वाढवला’ असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: भिडे पूल गेला का? मुठेवरचा हा ठेंगणा पूल गेला म्हणजे पाण्याखाली. पाणी उतरलं की तो चिखल अंगावर घेऊन परत येतो.

एरवी आठ महिने इथे ‘नदीपात्रातून जा’ हा वाहतुकीचा सल्ला असतो. पात्रात रस्ता आहे, गाड्या लावायला जागा आहे, संध्याकाळी भेळ आहे. कडेला एक बारीक काळपट धार असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. पावसाळ्यात मुठा आपली जागा मागायला येते आणि आपण म्हणतो, रस्त्यावर पाणी आलं!

१ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, साधारण २८ लिटर. १०,००० क्युसेक म्हटलं की सोसायटीत येतात तसले दहा हजार लिटरचे २८ टँकर दर सेकंदाला पुलाखालून जाताहेत असं समजावं. आणखी एक हिशेब पाठ असलेला बरा: ११,५७४ क्युसेकनं २४ तास पाणी सोडलं की १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट होतो. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चौघांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी, पण त्यात खडकवासल्याच्या वाट्याला जेमतेम २. मुठा, मोसे, आंबी या तिघींचं पाणी शेवटी याच एकोणिसाव्या शतकातल्या म्हाताऱ्याच्या अंगणात येतं. वरची धरणं भरली आणि घाटात पाऊस लागून राहिला की येवा, म्हणजे वरून येणारं पाणी, थोपवायला त्याच्याकडे जागाच उरत नाही. जेवढं येईल तेवढं पुढे. रात्री दोनला दारं का उघडली, असं चिडून विचारणाऱ्यांनी हा २ टीएमसीचा आकडा आठवावा.

पानशेत ही मात्र वेगळीच गोष्ट. १२ जुलै १९६१ ला ते धरण फुटलं आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकलं नाही. त्या पाण्याला पेठांमध्ये आकडा नाही. ‘आमच्याकडे जिन्याच्या अमक्या पायरीपर्यंत’ हीच मोजणी.

विसर्गाच्या आकड्यावर सगळी भिस्त ठेवणारे फसतात ते ओढ्यांपाशी. तो आकडा धरणाच्या दारातला. त्याखाली शहरात पडणारा पाऊस त्यात धरलेला नसतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडच्या पावसानं आंबिल ओढा असा फुगला की काठच्या वस्त्यांना सावरायला वेळच मिळाला नाही. शिवाय नदी भरून वाहत असली की नाल्यांची तोंडं तुंबतात, पाणी उलटं फिरतं आणि चेंबरमधून वर येतं. नदीनं काठ ओलांडलेला नसतानाही तळघरातली गाडी बुडते ती अशी. म्हणून आधी तळघरातली गाडी वर काढावी, मग पूल बघायला जावं. पुणेकर हे बहुधा उलट्या क्रमानं करतात.

संगमावर मुळा भेटते आणि दोघी बंडगार्डनवरून पुढे निघतात. तिथून आपल्याला त्यांचं काही देणंघेणं उरत नाही. आपण त्यांच्यात काय काय सोडलेलं असतं, त्याचंही नाही. भीमेत मिसळून हेच पाणी दौंडवरून उजनीला जातं. दौंडचा विसर्ग किती, हे सोलापूरकडची माणसं आपल्याइतक्याच आतुरतेनं बघतात, फक्त आकडा वाढावा म्हणून. इथे ज्या पाण्यापायी भिडे पुलावर अडथळे लावतात, त्याच्यावर तिकडे उसाचा आणि नळाचा वर्षभराचा हिशेब बसतो. उजनी भरली की तिथूनही विसर्ग सुरू होतो. मग पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात पाणी चढायला लागतं आणि तिथले लोक विचारतात, पुंडलिकाच्या देवळाला पाणी लागलं का?