होल्ड ऑफ की होल्ड अप

मी चिनी लोकांना ऑनलाइन इंग्लिश शिकवते, पुण्यात घरी बसून. 2021 च्या जुलैत तिकडच्या सरकारने शाळकरी पोरांच्या शिकवण्यांवर टाच आणली, परदेशात बसलेल्या टीचरना तर बंदीच, तेव्हापासून माझ्याकडे सगळी मोठी माणसं, बहुतेक एक्सपोर्टवाली. आपल्याकडे साडेपाच म्हणजे तिकडे आठ, त्यामुळे ऑफिसआधीचा क्लास असला की दूधवाल्याच्या आधी मी उठलेली. गुगल डॉक तिकडे सरळ उघडत नाही, गृहपाठ वीचॅटवर. असो.

निंगबो या चिनी बंदराच्या शहरातली एक स्टुडंट आहे, परवा क्लासला आली तीच रडकुंडीला. इंग्लंडच्या बायरचा मेल होता, लेबलचा घोळ निस्तरेपर्यंत 'प्लीज होल्ड ऑफ शिपिंग'. हिने लगेच उत्तर ठोकलं, 'ओके, वी विल होल्ड अप युवर शिपमेंट'. म्हणजे तो म्हणतोय अजून पाठवू नका, आणि ही कळवतेय की तुमचा माल आम्ही अडकवून ठेवतो! तो भडकला, हिच्या बॉसला सीसीत घालून विचारलं, आमच्याकडून काही पैसे राहिलेत का.

मला तिला बोल लावता येईना. तिच्याकडे फ्रेजल व्हर्ब्जची, म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ असं काही जोडून वेगळा अर्थ होणाऱ्या जोड्यांची, लांबलचक पीडीएफ, प्रत्येकासमोर एकच चिनी अर्थ, या दोघांसमोर तोच, उशीर करणे. असल्या याद्या बनवणाऱ्यांना आधी एक्सपोर्टच्या टेबलावर महिनाभर बसवलं पाहिजे.

लियाओ आणि फुकुया यांचा 2004 चा अभ्यास आहे, मधल्या पातळीचे चिनी विद्यार्थी फ्रेजल व्हर्ब टाळतात, अर्थ लाक्षणिक असला की जास्तच. ते दिसतंच रोज. पण म्हणून चिनीत या जातीचं काहीच नाही असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. 'छ ग्वांग' म्हणजे खाऊन फस्त, ईट अप. 'योंग ग्वांग', यूज अप. हे सांगितलं की 'अप'चं निम्मं काम तिथेच होतं. 'चान छीलाय' म्हणजे उठून उभं राहणं, पण 'खू छीलाय' म्हणजे रडू लागणं, तिथे कोणी उठत नाही. आपणही 'खाऊन टाक' म्हणतो तेव्हा काय फेकतो? हे सगळं त्यांच्या तोंडात आहेच, फक्त कोणी दाखवत नाही.

पण ती हुशार, तिने नेमकं धरलं. "टीचर, ईट अपमध्ये संपतं, स्टँड अपमध्ये वर जातं, मग होल्ड अपमध्ये काय होतं?"

आता ऑफचं सांगता येतं, लांब ठेवणं, कीप ऑफ, पुट ऑफ, होल्ड ऑफ, एका माळेत बसतात. होल्ड अपमधला अप कुठेच बसत नाही, ओढूनताणून बसवला तर पुढच्या शब्दाला तोंडावर आपटते. मी म्हटलं अप सोड, माणूस बघ. होल्ड ऑफमध्ये आपण ठरवून सुरुवात करत नाही. होल्ड अपमध्ये काहीतरी आडवं येतं आणि कोणीतरी वैतागलेलं असतं, ट्रॅफिकमुळे, कस्टम्समुळे. आणि दरोड्यालाही होल्ड अपच म्हणतात हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा हसली.

मग तिने लिहिलं, 'द शिप वॉज हेल्ड अप बाय द टायफून, सो वी हेल्ड ऑफ लोडिंग'. दोन्ही एका वाक्यात, दोन्ही जागच्या जागी, मी तो स्क्रीनशॉट ठेवलाय.

बायरला माफीचा मेलही तिने छान लिहिला, 'वी विल होल्ड ऑफ अंटिल वी हिअर फ्रॉम यू'. बॉसने होल्ड ऑफ खोडून पोस्टपोन घातलं आणि पुढचं अंटिलही उडवलं, म्हणे साधं लिही. माणूस अगदीच चुकीचा नाही, तिला पाठवायला पोस्टपोन पुरतं आणि फ्रेजल व्हर्ब नुसते समजले तरी भागतं, हे मलाही अधूनमधून वाटतं. पण पोस्टपोन म्हटलं की समोरचा पुढची तारीख मागतो. आता तो बायर विचारणारच, किती तारखेपर्यंत?