आईची भोवळ

गेल्या नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत आईच्या डोळ्यांसमोर अंधारी आली आणि आम्ही उपवासाला दोष देऊन मोकळे झालो. पण पुढे महिनाभर, विशेषतः पहाटे अंथरुणातून उठताना, तसेच होत राहिले, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. घर फिरल्यासारखे वाटते की शुद्ध हरपेल असे वाटते, हा त्यांचा पहिला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कूस बदलताच काही सेकंद सारे गरगरत असेल, तर बहुधा अंतर्कर्णातील सूक्ष्म कॅल्शियम-कण जागा सोडून सरकलेले असतात. आईचे तसे नव्हते. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत रक्तदाब मोजला, तेव्हा वरचा आकडा २० पेक्षा अधिक उतरला होता. रक्तदाबाची गोळी आणि अपुरे पाणी ही त्याची कारणे निघाली. हिमोग्लोबिनही १२ च्या खाली होते. साखर ठीक होती. ईसीजीचा आग्रह मात्र मी धरला, कारण श्रम करताना किंवा छातीत धडधडून अचानक शुद्ध हरपत असेल, तर दोष हृदयाच्या ठोक्यांत असू शकतो आणि तेथे उशीर जिवावर बेततो. गोळीची मात्रा डॉक्टरांनीच बदलली. आता आई उठण्यापूर्वी पलंगाच्या कडेला थोडा वेळ पाय सोडून बसते.