एकच मागणी असलेलं पुस्तक

आमच्या लायब्ररीत महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी यादी ठरते, म्हणजे अंध आणि कमी दिसणाऱ्या वाचकांसाठी पुढच्या महिन्यात कुठली मराठी पुस्तकं डेझी आणि ईपबमध्ये, म्हणजे ऐकता येतील अशा डिजिटल स्वरूपांत, करायची ते. मागण्या चाळीसच्या वर असतात आणि आमच्याकडून होतात फार तर सात, कारण स्कॅनिंग एका दिवसात उरकतं पण प्रूफला आठवडे लागतात. ओसीआर, म्हणजे स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, 'विद्यार्थी'चं 'विघार्थी' करतं, १ चा ९ करतं, आणि मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर जे लिहिलंय तेच वाचणार ना. परवानगीचं बरेच जण विचारतात, तर २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला तेव्हापासून त्यासाठी अडत नाही. प्रकाशकाने फाइल दिली तर सोनंच, पण तीही बहुतेक वेळा जुन्या फॉन्टमधली निघते, कॉपी केलं की नुसता अक्षरांचा काला, मग शेवटी पुस्तकाचा कणा कापून पानं स्कॅनरलाच लावायची.

त्या शुक्रवारी मीटिंगच्या आधी सांगलीकडच्या एका खेड्यातून फोन आला. काचबिंदूने नजर गेलेले शेतकरी, आठ शेळ्या आहेत. "ताई, आमचं शेळीपालनाचं पुस्तक कधी लागायचं?" यादीत पाहिलं तर त्यांची मागणी आठ महिने तळाशीच पडून होती, कारण मागणारे ते एकटेच. मी तसं सांगितलं. तर म्हणाले, "एकटाच कसा? गावात अजून दोघं हायत न दिसणारे. पर असं पुस्तक मागता येतंय हेच त्यांना ठाऊक न्हाई."

मला एकदम गप्पच बसायला झालं. आम्ही मागण्या मोजून पुस्तकं निवडतो, आणि मागण्या कोणाच्या येतात, तर ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, कॉलेजात सांगणारं कोणीतरी आहे त्यांच्या. एमपीएससीच्या एका गाईडला त्या महिन्यात चौदा मागण्या होत्या. ती मुलं चुकीची नाहीतच, परीक्षेची तारीख कोणासाठी थांबत नाही, म्हणून परीक्षेची पुस्तकं आम्ही वर ठेवतो आणि ठेवायलाच हवीत.

मीटिंगमध्ये मी शेळीपालन वर घ्या म्हणून हट्टच धरला. सर म्हणाले, मग काय काढू ते सांग. सर स्वतः जन्मापासून अंध आहेत, आमचं प्रत्येक पुस्तक तेच शेवटचं ऐकतात, त्यामुळे प्रश्न रास्त होता. नवीन काही घ्यायच्या आधी आम्ही सुगम्य पुस्तकालयावर शोधतो, देशभरातल्या अशा लायब्रऱ्यांची पुस्तकं तिथे एकत्र असतात, कोणी केलेलं पुस्तक परत करण्यात अर्थ नाही. तर त्याच गाईडची आधीची आवृत्ती तिथे निघाली. दुकानातून नवीन आणली, दोन्ही शेजारी ठेवून बसलो, आणि दोन तासांनी दिसलं की बदललेली प्रकरणं तीनच आहेत. तेवढीच करायची ठरली आणि एक जागा मोकळी झाली.

शेळीपालनाचं पुस्तक दिसायला छोटं पण त्याने आम्हाला चांगलंच दमवलं. लसीकरणाच्या तक्त्यात ओसीआरने रकाने असे मिसळले की आंत्रविषाराच्या लसीचा महिना पीपीआर या दुसऱ्याच रोगासमोर गेला. कथेत एखादी ओळ इकडची तिकडे झाली तर वाचक सांभाळून घेतो, इथे जनावर मरेल. मी तो अख्खा तक्ता हाताने टाईप केला, प्रत्येक आडवी ओळ एक पूर्ण वाक्य करून, म्हणजे ऐकताना रोग, लस आणि महिना एकत्रच कानावर पडतील. मग फोटो. खाली नुसतं 'उस्मानाबादी शेळी' एवढंच छापलेलं. मी वर्णनात लिहिलं, 'काळ्या रंगाची शेळी'. सरांनी ऐकून विचारलं, "कान कसे आहेत? रंग मला काय कळणार, कान मी हात लावून ओळखू शकतो." मग लांब, खाली लोंबणारे कान असं घातलं, आणि बाकीच्या सगळ्या फोटोंची वर्णनं परत लिहून काढली.

लसीकरणाचं प्रकरण आधी सांगलीकडच्या त्या शेतकऱ्यांनाच पाठवलं, तपासायला. चार दिवसांनी फोन आला. तीनदा ऐकलं म्हणाले, महिने बरोबर आहेत, पुढचं पाठवा. आणि त्या दोघांची नावं नोंदवायला कुठले कागद लागतात ते विचारून घेतलं.