एकाच उंचीवरची दोन रानं

गोव्यातील सत्तरी तालुक्यात, सुर्ल्याच्या पठाराखालच्या उतारावर, वनखात्याच्या परवानगीने आम्ही छोट्या सस्तन प्राण्यांची पाहणी करीत होतो. सापळ्यांच्या दोन्ही रांगा मुद्दाम समान उंचीवर लावल्या होत्या, एक काजूच्या बागायतीत आणि दुसरी ओहोळाकाठच्या निमसदाहरित रानात. डोंगरावरील विविधतेचा हिशेब बहुधा उंचीने मांडला जातो. आम्हाला उंची बाजूला ठेवून रानाची घडण तेवढी तपासायची होती.

प्राण्याला जिवंत पकडणारे पत्र्याचे शेरमन सापळे उन्हाने तापण्याआधी पाहावे लागतात, म्हणून उजाडतानाच निघालो. काजूखालचे सापळे रिकामे होते. हंगामापूर्वी बोंडे वेचायला सोपे जावे म्हणून तिथली झुडपे कापून जमीन स्वच्छ केलेली होती; वर दाट सावली, पण खाली घुबडाच्या नजरेतून सुटायला आडोसा नाही. बागेच्या कडेच्या दगडी गडग्यात मात्र राठ, काटेरी केसांचा उंदीर सापडला. आमच्याबरोबरचे गावकरी काका म्हणाले, "बाई, त्याला झाड नको, फट हवी." आमच्या तक्त्यातील कित्येक रकान्यांपेक्षा हे वाक्य मला नेमके वाटले.

रानात चित्र वेगळे होते. पालापाचोळ्यात चिचुंद्री, कुजत पडलेल्या ओंडक्याशी शेपटीच्या टोकाकडे पांढरा होत जाणारा रानउंदीर आणि पुरुषभर उंचीवर वेलीला बांधलेल्या सापळ्यात वँडेल्युरिया ओलेरेशिया, म्हणजे लांब शेपटीचा झाडउंदीर. अंगापेक्षा लांब शेपटी, पहिल्या व पाचव्या बोटांवर नखीऐवजी चपटे नख: हा प्राणी फांदी धरून चालण्यासाठीच घडलेला आहे. झाडे कितीही उंच असली तरी त्यांना जोडणाऱ्या वेली तोडल्या, तर त्याची वाटच तुटते. पर्णसंभाराचे थर जितके विविध तितक्या पक्ष्यांच्या जाती अधिक, असे परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट मॅकआर्थर यांनी आपल्या भावासह 1961 साली दाखवले होते; सस्तन प्राण्यांबाबत त्या थरांत जमिनीवरचा पाचोळा, ओंडके आणि खडकांच्या फटीही मोजाव्या लागतात, असे मला वाटते.

वजन-मापे घेऊन प्रत्येक प्राणी पकडल्या जागीच सोडला. मग पाचोळ्याची जाडी, ओंडके, खडकांतील फटी आणि झाडांना जोडणाऱ्या वेली प्रत्येक सापळ्याभोवती मोजत दुपार झाली. काजूच्या रांगेत हे काम लवकर आटोपले, कारण मोजण्यासारखे फारसे काही नव्हते.