बाबा गेले, मग तक्रार करायची कुणी?

"तक्रारदार क्रमांक १ या मयत खरेदीदाराच्या विवाहित कन्या असून त्यांचा सदर करारनाम्याशी काहीही संबंध नाही." बिल्डरच्या लेखी जबाबातलं हे वाक्य मला अजून पाठ आहे. बाबांनी निवृत्तीचे पैसे घालून घोडबंदर रोडला फ्लॅट बुक केला. ताब्याची तारीख उलटली, आणि वाट बघता बघता बाबाच गेले. मग दाद मागायची कुणी?

ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणं सोपं गेलं. तेव्हा ई-दाखिल या सरकारी पोर्टलवर घरबसल्या झाली; 2025पासून ती ई-जागृती पोर्टलवर करता येते. बिल्डरचं ऑफिस दादरला असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे आमच्यासाठी ठाण्यात, करता येते.

अडलं ते या हरकतीवर. तारखेमागून तारीख पडायची आणि बोलणं एकच, ही बाई कोण? ताबा का दिला नाही, यावर बिल्डरचे वकील अवाक्षर काढत नव्हते. माझं सासरचं आडनाव मात्र दर वेळी ठासून वाचायचे. माझा नुसता संताप व्हायचा. उत्तर तर कायद्यातच होतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(5): ग्राहक मरण पावला तर त्याचा कायदेशीर वारस तक्रारदार होऊ शकतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा, मुलगा, मुलगी तिघंही पहिल्या वर्गाचे वारस. लग्न झालं म्हणून मुलगी त्यातून गळत नाही. आई आणि कुवेतचा भाऊ तक्रारदार होतेच. भावाचं अधिकारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन यायला फार वेळ लागला. तुमचंही कुणी परदेशात असेल तर ते आधीच मागवा.

ओळखीचे म्हणत, जनहित याचिका तर कुणीही करतं, मग तुलाच का अडवतात? सर्वोच्च न्यायालयाच्या 1981च्या एस. पी. गुप्ता निकालाने ती वाट मोकळी केली, पण ती गरिबी किंवा असहायतेमुळे कोर्टात येऊ न शकणाऱ्यांसाठी आणि सार्वजनिक प्रश्नांसाठी. खाजगी व्यवहारात ज्याचं नुकसान, त्यानेच यायचं. हे मला पटतं. म्हणून नातं दाखवणारे कागद भक्कम ठेवा. मृत्यूचा दाखला, आडनाव जुळवायला लग्नाचा दाखला. आमच्या कामी आईने जपलेलं जुनं रेशनकार्डही आलं. घडीवर फाटलेलं, पण बाबांच्या नावाखाली माझं माहेरचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

शेवटी हरकत फेटाळली गेली. त्या दिवशी कोर्ट नाक्यावरून चालताना मला मोकळा श्वास घेता आला.

आणि हो, तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची असते. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं, त्यामुळे कागद जमवण्यात ती घालवू नका. आमच्या मूळ तक्रारीची सुनावणी आता कुठे सुरू झाली आहे.